डोळे सोडून

दुर्भाटच्या धक्क्यावर
अकरा हात लांबीची मगर आहे, सिमेंटची.
पोटात जाळी, तारा,
आणि बसलिंगची विसरून राहिलेली थापी.
तो अजून विचारतो तिच्याबद्दल, विजापुराहून फोन करून.

मी होड्यांवर नावं लिहिणारा.
‘सातेरी प्रसन्न’, ‘सांत आना’, खाली नंबर.
पंचायतीने देखरेखीला मला बसवलं:
दर वाड्याला चार वीत अंग,
हवं ते काढा,
पक्षांची चिन्हं सोडून.

पहिल्याच आयतवारी शेपटीवरून भांडण.
गुलाबी गावडेला तिथे धालोचा मांड हवा होता,
आणि आवेलिनोने रात्रीच ओढून ठेवलेली
त्याच्या बुडालेल्या होडीची निळी पट्टी.
तो काही बोलला नाही. पुसायलाही देईना.
शेवटी तिने निळ्यावरच पावलं काढली.
आता आमच्या बाया पाण्यावर नाचतात.

शाळेच्या मुलांनी पोटावर मासे काढले,
त्यांनी पाहिलेले, म्हणजे ताटातले:
तुकडे करून, रव्यात घोळून.
सांतान पोदेराने जबड्याच्या आत,
जिथे वाकल्याशिवाय दिसत नाही,
पावांची टोपली काढली.
म्हणाला, लागली भूक तर माणसं नकोत खायला.
आणि फेरीवरच्या शाणूने आणला
कठड्याचा उरलेला सरकारी पिवळा.
खवले सगळे त्या रंगाचे, म्हणून लांबून
ती फेरीचंच पिल्लू वाटते.

डोळ्यांशी मात्र हात थांबले.
मी लाल-पिवळा कालवून तयार,
बारीक ब्रश पाण्यासारखा मऊ केलेला,
तरी कुणी म्हणेना, काढ.
जयवंतीमावशीला येऊं दे, मागून कुणीतरी बोललं.

जयवंतीमावशी खाजनाच्या बांधावर मानगें थापते,
पौषातल्या अवसेला, चिखलाचं.
दातांना काटक्या, डोळ्यांना खुबे.
बांध फोडू नकोस, पोरांना हात लावू नकोस,
एवढंच मागायचं.
मग चिखलाचा चिखल.

ती आली. एक फेरी मारली.
तळवा ठेवला सिमेंटवर, उन्हाने तापलेल्या.
‘हें विरपाचें ना,’ म्हणाली.
‘जें विरना, ताचे कडेन मागप कशें?’
सरपंच म्हणाले, शनिवारी उद्घाटन आहे, मावशी.

झालं उद्घाटन.
आंधळ्या मगरीसमोर रिबन कापली,
नारळ तिच्या नाकावर फोडायचा की दगडावर
यात दहा मिनिटं गेली.
माझ्याकडे बघत कुणीतरी विचारलं, पेंटर, काम अर्धं का?
मी म्हटलं, रंग संपला.

अवसेच्या पहाटे मानशीचं दार उघडल्याचा आवाज आला,
म्हणून धक्क्यावर गेलो.
दोन्ही खोबणींत मूठ-मूठ चिखल,
चिखलात उपडे खुबे,
एक थोडा तिरका, म्हणून ती
नदीकडे बघते आणि जरा आमच्याकडेही.
ओली पावलं गावडेवाड्याकडे गेलेली.
मी पावलांच्या कडेकडेने घरी आलो.

मृगात ते डोळे वाहून जातात.
पौषापर्यंत तिला काही दिसत नाही.
चतुर्थी आटोपली की मी डबे घेऊन बसतो:
पावलं, रव्यातले तुकडे, पाव,
निळी पट्टी (आवेलिनो आता नाही, पट्टी मीच ओढतो).
मजुरी नाही, रंग पंचायतीचा.
खोबणी तेवढ्या सोडतो.

ओहोटीला कधीतरी रासईच्या बाजूला
एक खरी येऊन पडते,
गाळाच्याच रंगाची.
फेरीतले पाहुणे तोवर आमचीच छायाचित्रं घेत असतात.
शाणू कुणाला सांगत नाही,
इंजिन फक्त थोडं हळू करतो.